नशा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दाखला देऊ नये : शालेय शिक्षण मंत्र्यांस खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



महाराष्ट्रातील शाळांमध्ये व्यसनविरोधी कार्यक्रम होतात ते मुख्यतः दोन दिवसांच्या निमित्ताने. त्यांपैकी ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, तर २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन शाळा उघडून जेमतेम काही दिवस झालेले असताना, प्रवेश, पाठ्यपुस्तके आणि गणवेश यांच्या धांदलीत येतो. त्या दिवशी शपथ घेतली जाते, प्रभातफेरी निघते, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि छायाचित्रांसह अहवाल पंचायत समितीकडे रवाना होतो. या उपक्रमांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र वर्षाच्या उरलेल्या काळात एखाद्या मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी किंवा झोपेच्या गोळ्यांची पट्टी सापडली तर शाळेने त्या दिवशी, त्या तासाला नेमके काय करावे, याचे उत्तर बहुतेक मुख्याध्यापकांजवळ नसते. उत्तर नसल्यामुळे जी पद्धत रूढ झाली आहे ती अशी, की पालकांना बोलावून समज द्यायची, मुलाला वर्गासमोर उभे करायचे आणि प्रकार पुन्हा घडला तर 'दाखला घेऊन जा' असे सुचवायचे. शाळेचे नाव त्यामुळे वाचते, पण मूल ज्या एका ठिकाणी दररोज प्रौढांच्या नजरेसमोर असते ते ठिकाण त्याच्यापासून हिरावले जाते आणि नशेकडे ढकलणाऱ्या कारणांत शाळा स्वतःची भर घालते. ही पद्धत बंद करून तिच्या जागी लेखी, बंधनकारक आणि उपचाराकडे नेणारी कार्यपद्धती आणावी, हे या पत्राचे मुख्य म्हणणे आहे.

विद्यार्थ्यांमधील नशेची चर्चा बहुधा एखाद्या मोठ्या छाप्यानंतर सुरू होते आणि तिच्या केंद्रस्थानी 'एमडी' या नावाने ओळखला जाणारा मेफेड्रोन असतो. हा कृत्रिम उत्तेजक पदार्थ २०१५ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे आणि शहरांतील तरुणांपर्यंत तो पोहोचला आहे, हे खरेच आहे. तथापि शाळकरी मुलाच्या हाती पडणारा पहिला मादक पदार्थ मेफेड्रोन क्वचितच असतो. जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१९ मधील चौथ्या फेरीत भारतातील १३ ते १५ वर्षे वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्याहून गंभीर बाब अशी की, धूरविरहित तंबाखूची चव ज्यांनी कधी ना कधी घेतली होती त्यांच्यापैकी निम्म्या मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच घेतली होती. म्हणजे शाळा ज्या विषयाला आठवी-नववीत हात घालते, तो विषय अनेक मुलांच्या आयुष्यात चौथी-पाचवीतच येऊन गेलेला असतो.

या पहिल्या ओळखीची जागा बहुधा घर असते. प्रौढांच्या तंबाखूवापराचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१६-१७ मध्ये झाले, त्यानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात आणि त्यांत धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्याही आत आहेत, याचा अर्थ राज्यातील तंबाखूचे दुखणे प्रामुख्याने धूरविरहित तंबाखूचे, म्हणजे चघळण्याच्या, हिरड्यांना लावण्याच्या किंवा नाकात ओढण्याच्या तंबाखूचे आहे. तव्यावर भाजून कुटलेली मिश्री सकाळी बोटाने दातांना लावणाऱ्या आजीला आपण नशा करतो असे वाटत नाही, आणि शेजारी बसलेल्या नातवालाही ते वाटत नाही. तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट दाढेखाली धरणारे वडील, विदर्भातील खर्रा, नगर-सोलापूर पट्ट्यातील मावा, लग्नकार्यात पुढे केले जाणारे पानसुपारीचे तबक, या सर्वांतून मुलाच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, ती अशी की मोठे होण्याच्या अनेक खुणांपैकी ही एक खूण आहे. पुडी आणायला टपरीवर बहुधा त्यालाच धाडलेले असते. चुन्याचे कामही येथे समजून घेण्यासारखे आहे: चुना क्षारधर्मी असल्याने तंबाखूतील निकोटिन मुक्त स्वरूपात येते आणि तोंडाच्या आतील नाजूक आवरणातून झपाट्याने रक्तात उतरते, त्यामुळे 'नुसती मळलेली तंबाखू' सिगारेटपेक्षा सौम्य असते ही सार्वत्रिक समजूत निराधार ठरते.

सुपारीचा प्रश्न याहून अधिक दुर्लक्षित आहे. सुपारीत तंबाखू नसली तरी ती स्वतःच कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. गोड, सुगंधी सुपारीची छोटी पुडी मुलांना खाऊसारखीच वाटते, तिची चटक लागल्यावर तंबाखूमिश्रित पुडीकडे जाणे सोपे होते, आणि सतत सुपारी चघळल्याने तोंडातील आवरणाखाली तंतुमय ऊती वाढून ते ताठर होते. या विकाराला वैद्यकात सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. त्याची सुरुवात तिखट पदार्थाने तोंड पोळण्यापासून होते, पुढे जबडा उघडणे कठीण होत जाते आणि काही रुग्णांत कर्करोग होतो. डब्यातील नेहमीची भाजी खाताना ज्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येते किंवा ज्याला तोंडात आपली तीन बोटे उभी घालता येत नाहीत, त्याच्याकडे शिक्षकाचे लक्ष जाऊ शकते. मात्र त्यासाठी हे लक्षण कुणीतरी शिक्षकाला आधी सांगितलेले असले पाहिजे.

तिसरा गट हुंगण्याच्या पदार्थांचा. पंक्चर काढण्याचे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर यांतील टोल्युइनसारखी द्रावके फडक्यावर किंवा पिशवीत घेऊन हुंगली जातात. ती मेंदूवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर असा परिणाम करतात, की पहिल्याच वेळी मृत्यू ओढवू शकतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हाच एकमेव प्रकार असा आढळला, ज्याचा वापर प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक आहे, आणि सुमारे ४.६ लाख मुलांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. रेल्वे फलाटांवर आणि उड्डाणपुलांखाली दिसणारी ही मुले शिक्षण विभागाच्या लेखी 'शाळाबाह्य' असतात, म्हणून ती अन्य कुणाच्या तरी अखत्यारीत ढकलली जातात. पण त्यांच्यातील अनेकांची नावे कधीकाळी कुठल्या तरी हजेरीपटावर होती. मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील काही शहरांत 'बटन' किंवा 'कुत्ता गोळी' अशा नावांनी फिरणाऱ्या झोपेच्या व चिंताशामक गोळ्या हा याच साखळीतील पुढचा दुवा होय. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारखी ही औषधे 'एच-१' या अनुसूचीत असून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत आणि विक्रेत्याने प्रत्येक विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे सक्तीचे आहे. या नोंदवह्या तपासणे हे काम यंत्रणेचे आहे.

मूल नशेकडे का वळते, या प्रश्नाला 'वाईट संगत' हे एकच उत्तर देण्याची सवय समाजाला लागली आहे. या विषयाच्या अभ्यासात दोन संज्ञा वापरल्या जातात: ज्या गोष्टींमुळे वापराची शक्यता वाढते त्यांना जोखीम-घटक म्हणतात आणि ज्यांच्यामुळे ती कमी होते त्यांना संरक्षक घटक म्हणतात. कोणताही एक जोखीम-घटक एकटा निर्णायक नसतो. ते एकावर एक साचत जातात आणि संरक्षक घटक क्षीण असतील तेथे त्यांचा जोर वाढतो. पौगंडावस्थेत मेंदूतील सुखाचा व नावीन्याचा शोध घेणारी यंत्रणा आधी पक्व होते, तर परिणामांचा विचार करून स्वतःला आवर घालणारा कपाळामागचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडत राहतो, त्यामुळे या वयात घेतलेला पदार्थ मेंदूच्या घडणीतच शिरतो आणि ज्यांनी लवकर सुरुवात केली त्यांना सोडणे अधिक कठीण जाते. मित्रांचा दबाव खरा असतो, पण तो सहसा आग्रहाच्या रूपात येत नाही. बाजूला पडण्याच्या भीतीच्या रूपात येतो. ज्या मुलाला वर्गात, मैदानावर किंवा घरी आपले असे काही स्थान आहे, त्याला ती भीती कमी वाटते.

येथे शाळेचा संबंध फार जवळचा आहे आणि तो पुरेशा स्पष्टपणे मांडला जात नाही. वाचन नीट न आल्यामुळे सहावी-सातवीत मागे पडलेले मूल, ज्याच्या लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराचे निदान कुणी केलेले नाही असे मूल, रोजच्या रोज 'ढ' म्हणून ओळखले जाणारे मूल, ही सर्व मुले हजेरीपटाच्या दृष्टीने वर्गात असतात आणि मनाने कधीच बाहेर पडलेली असतात. अपयशाने खचलेल्या मुलांना जेथे अपयशाचे काही वाटून घेत नाहीत असा गट हवा असतो, आणि असा गट टपरीच्या मागे किंवा बंद पडलेल्या इमारतीत त्यांना सहज सापडतो. घरातील दारू आणि मारहाण, आई-वडिलांचे वेगळे होणे, लहान वयात झालेला लैंगिक अत्याचार, न ओळखलेले नैराश्य, या गोष्टी अशा मुलांच्या वागण्यामागे बहुधा असतात. पण त्या विचारल्याशिवाय कळत नाहीत आणि विचारायला कुणाला सवड नसते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण या घटकांची गुंफण दाखवण्यास पुरेसे आहे. बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळा लागताना परततात. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते आणि फडात, पहाटेच्या थंडीत, भूक व झोप मारण्यासाठी प्रौढ जी तंबाखू तोंडात धरतात ती त्यांच्याही हाती येते. मुले गावी राहिली तर आजी-आजोबांच्या भरवशावर किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि अर्धे वर्ष त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवणारे कुणी नसते. अशा मुलाला शपथ घ्यायला लावणे म्हणजे जे त्याच्या हातात नाही त्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे होय. हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू होणे आणि ती चांगली चालणे, ही बाब आपल्या विभागाच्या कागदांवर व्यसनमुक्तीच्या शीर्षाखाली येत नसली, तरी त्या दृष्टीने ती कोणत्याही जनजागृती मोहिमेपेक्षा अधिक मोलाची आहे.

उपलब्धता हा सर्वांत ठोस आणि शासनाच्या सर्वाधिक आवाक्यातील घटक. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ते विकणे, या दोन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली, पुढे सुगंधी सुपारी, सुगंधी तंबाखू, मावा व खर्रा यांवरही ती लागू केली, आणि २०२० मध्ये सुटी सिगारेट व विडी विकण्यास मनाई केली, जी मुलांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण मुले पाकीट विकत घेत नाहीत. कायद्यांची उणीव नाही. शाळेच्या फाटकातून दिसणारी टपरी मात्र जागेवर असते. तंबाखू कायद्यातील दंड दोनशे रुपयांपर्यंतच असल्याने विक्रेत्याला तो एका दिवसाच्या खर्चासारखा वाटतो. याउलट २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ही तरतूद बहुतेक मुख्याध्यापकांना ठाऊकच नसते. दप्तर तपासण्यात शाळेची जी शक्ती खर्च होते, तिचा काही अंश पुडी कुठून आली हे लिहून पोलीस ठाण्यात देण्याकडे वळवला, तर दोषाचा रोख मुलावरून विक्रेत्यावर जाईल.

प्रबोधनाविषयीही पुनर्विचार आवश्यक आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली गणवेशधारी पोलिसांनी शाळांत जाऊन धोक्याची माहिती देण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, तो अमेरिकेत सर्वत्र पसरला, पालकांना अतिशय आवडला आणि नव्वदच्या दशकातील मूल्यमापनांत मुलांच्या प्रत्यक्ष वापरावर त्याचा परिणाम नगण्य असल्याचे दिसून आले. सडलेल्या जबड्यांची चित्रे दाखवून भीती घालण्याचा आपल्याकडील मार्ग याच जातीचा आहे. आइसलँडने वेगळा मार्ग घेतला. तेथे मुलांकडून दरवर्षी निनावी प्रश्नावली भरून घेण्यात आली, निष्कर्ष त्या त्या शाळेच्या पालकांपुढे ठेवण्यात आले, खेळ, संगीत व कला यांच्या शाळेनंतरच्या वर्गांसाठी सार्वजनिक पैसा देण्यात आला आणि रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहण्यावर निर्बंध आणले गेले. गेल्या महिनाभरात कधी तरी दारूच्या अंमलाखाली होतो असे सांगणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण तेथे १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. तो देश लहान व संपन्न आहे, महाराष्ट्र तसा नाही; पण मुलाच्या मनाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या संध्याकाळची व्यवस्था लावावी, हा विचार कबड्डीचे मैदान आणि गावचे वाचनालय असलेल्या कोणत्याही गावात अमलात येऊ शकतो.

आता दाखल्याविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही आणि कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. पालकांवर दबाव आणून 'स्वेच्छेने' दाखला काढायला लावणे हे पहिल्या तरतुदीचे, तर वर्गासमोर नाव घेऊन अपमान करणे हे दुसरीचे उल्लंघन होय. नववी-दहावीच्या मुलांना कलम १६ चे संरक्षण नाही आणि काढून टाकण्याचे प्रसंग याच वयात अधिक येतात, म्हणून ही उणीव राज्याने आपल्या आदेशाने भरून काढली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. अमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या खटल्यातून संरक्षण देते. ज्याला कायदा रुग्ण मानतो, त्याला शाळेने गुन्हेगार मानावे, हे विसंगत आहे.

अर्थात सापडलेले प्रत्येक मूल व्यसनी नसते. कुतूहलापोटी एकदा केलेला प्रयोग, अधूनमधून होणारा वापर, अभ्यास व प्रकृती बिघडवणारा हानिकारक वापर आणि पदार्थाविना शरीर-मन चालेनासे होणारे अवलंबित्व, या चार निरनिराळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीला वेगळा प्रतिसाद लागतो. पहिल्या दोन अवस्थांत विश्वासातील शिक्षकाशी झालेले शांत संभाषण आणि पालकांची साथ बहुधा पुरते. शेवटच्या दोहोंत वैद्यकीय मदत टाळता येत नाही. ही मदत उभारण्यासाठी सर्व काही शून्यापासून करावे लागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन तपासणी करतात, त्यांनी तोंडाची तपासणी काटेकोर करावी. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्रे आहेत. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमानुसार प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम करायचे आहे आणि मादक पदार्थांपासून बचाव हा त्यांच्या अकरा विषयांपैकी एक आहे. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाला सन्मानाने वागवून आणि कुटुंबाला उपचारात सामील करून घेऊन काम कसे करता येते, हे महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या अभियानाने हेच काम गावागावांच्या पातळीवर नेले. मराठी समाजाजवळ या क्षेत्रातील अनुभव आहे. तो शाळेच्या फाटकाआत आलेला नाही.

म्हणून आपल्या विभागाने एक शासन निर्णय काढावा आणि त्यात पुढील गोष्टी निःसंदिग्धपणे लिहाव्यात, अशी विनंती आहे. नशेच्या कारणावरून दहावीपर्यंतच्या कोणत्याही विद्यार्थ्याचा दाखला शाळेने काढायला लावू नये, आणि तसे झाल्यास मुख्याध्यापक व संस्थेला उत्तरदायी धरावे. मुलाची माहिती दोन नियुक्त शिक्षक आणि पालक यांच्याबाहेर जाऊ नये. प्रत्येक केंद्रशाळेच्या पातळीवर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक कायमस्वरूपी असावा, कारण साठ मुलांचा वर्ग आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकावर हे काम वरकड म्हणून लादणे अन्यायाचे आहे. तंबाखू व सुपारीचा विषय चौथीपासून, भीती न घालता, शिकवला जावा. शाळेच्या आवारात तंबाखू खाणाऱ्या शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना आधी सोडण्यासाठी मदत मिळावी आणि नंतर नियम लागू व्हावा. ज्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असणे कायद्याने बंधनकारक आहे, त्या समितीने दर तीन महिन्यांनी शंभर यार्डांची हद्द स्वतः चालून पाहावी व तक्रार लेखी द्यावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे निःशुल्क क्रमांक प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर मुलांना वाचता येतील अशा अक्षरांत रंगवले जावेत.

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी बचपन बचाओ आंदोलन प्रकरणात मुलांमधील मादक पदार्थांच्या वापराचे राष्ट्रीय सर्वेक्षण, कृती आराखडा आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश, अशा तिन्ही गोष्टींचे निर्देश दिले होते. त्या वर्षी पहिलीत आलेली मुले २०२६ मध्ये दहावीची परीक्षा देणाऱ्या वयाची झाली. पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी हा शासन निर्णय निघावा, ही विनंती.